निळं तळं आणि पायवाटा

पनवेलच्या कॉलेजात भूगोलाची तोंडी परीक्षा म्हणजे नकाशापुढे उभं राहायचं आणि परीक्षकांच्या मनातलं ओळखायचं. कादंबरी नावाच्या विद्यार्थिनीला नकाशा उत्तम येत होता, मनातलं ओळखणं तेवढं जमत नव्हतं.

टेबलावर राजस्थानातल्या वाळवंटी डोंगरांचा नकाशा होता. गावाला लागूनच मोठं निळं तळं. गाव पाणी कुठून पितं, हा प्रश्न. कादंबरीनं तोंडीआधीच्या लेखी पेपरात लिहिलं होतं, दोन किलोमीटरवरच्या, डोंगरपायथ्याच्या विहिरीतून. परीक्षक म्हणून बाहेरून आलेल्या इंद्रजीत सरांनी कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणाले आणि वर समजूतही घातली: ते खोड, 'तळे' लिही, आठ मार्क देतो. ते आठ गेले तर ती नापास, वर्ष पाण्यात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

कादंबरी उरणकडच्या कोळीवाड्यातली. गावाला तीन बाजूंनी खाडी, आणि तिची आई गंगाबाई जन्मभर त्या खाडीकडे पाठ करून गोड्या पाण्याला गेलेली. निळा रंग बघून हुरळतात ती माणसं पाणी बाटलीतून पितात, असं कादंबरीचं पक्कं मत होतं.

तिनं नकाशावर बोट फिरवलं. गावातून निघालेली एकही पायवाट तळ्याकडे जात नव्हती, सगळ्या विहिरीकडे. शेतीचा पिवळा रंगही विहिरीभोवतीच. तळ्याच्या काठानं नुसतं पांढरं, पडीक. बांध फुटून खाडी आत शिरली तेव्हा तिच्या काकाचं भातशेत असंच पडीक झालं होतं.

सर म्हणाले, हा नकाशा ते दहा वर्षं विचारताहेत आणि सगळी मुलं तळंच लिहितात. मग ती एकटीच शहाणी का?

आता मात्र तिचं डोकं फिरलं आणि कॉलेजातली भाषा गळून पडली.

“सर, तळं खारं हाय. त्या बाया काय येड्या हायेत, दारातलं पाणी सोडून दोन किलोमीटर चालायला?”

सरांनी लाल पेन उचललं. “शेवटचं विचारतो. खोडतेस?”

“नाय.”

तिनं पेपर ओढून घेतला आणि उत्तराखाली आणखी एक ओळ लिहिली: 'तळ्याचे पाणी खारे. पुरावा: बायकांच्या पायवाटा.' मग पेपर सरांकडे सरकवला.

“आता शून्य द्या. पण हे वाचून द्या.”