हिरवी काडी

सकाळी सात वाजता जहाज धक्क्याला लागलं. आठव्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या एका केबिनमधल्या दोघांना मात्र उतरायची परवानगी नव्हती.

दोघं नवरा-बायको, पन्नाशी ओलांडलेले. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत इन्स्पेक्टर, बायको शिवणाचे वर्ग चालवणारी. आदल्या दिवशी दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात मुरडा येऊ लागला, तेव्हा नवऱ्याने जहाजाच्या दवाखान्यात फोन केला. नर्स आली, तपासून गेली आणि जाताना नियम सांगून गेली. जहाजावर कुणाला उलटी झाली की ती साथ आहे असंच आधी धरतात. शेवटच्या उलटीनंतर पुरता एक दिवस नीट जाईपर्यंत आजारी माणसाने केबिनबाहेर पडायचं नाही. त्याच्या सोबत्यानेही नाही. जेवण दाराशी ठेवलं जाईल.

आलं ते आजाऱ्याचं ठरलेलं जेवण. टोस्ट, क्रॅकर बिस्किटं, वाटीभर दही, पांढरट सूप आणि एक केळं.

बायकोला गहू चालत नाही, जव चालत नाही, दूध आणि दुधाचं काहीही चालत नाही. हे नखरे नाहीत. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या आतड्याचा तुकडा काढून तपासला होता आणि सिलिअॅक, म्हणजे गव्हा-जवातल्या चिकाने आतडं सोलवटणारा आजार, असं निदान केलं होतं. कणीक लागलेल्या तव्यावर भाजलेला मासा खाल्ला तरी ती दोन दिवस अंथरुणाला खिळते. ट्रेमधलं तिला चालणारं एकच होतं, केळं, आणि तेही सालीत होतं म्हणून. रात्री भूक सहन होईना तेव्हा तिने दाराच्या फटीतून ट्रे ठेवणाऱ्याला विचारलं, सूपमध्ये काय आहे. तो तोंडावरच्या मास्कमधून म्हणाला, "नुसतं पाणीच आहे हो, मॅडम." तिने चार चमचे घेतले. सूप मैद्याने दाट केलेलं होतं. पहाटे पुन्हा उलटी झाली.

नर्स फोनवर म्हणाली, "मग आता दिवस पुन्हा पहिल्यापासून."

म्हणजे बाहेर पडायचं तर बरं व्हायला हवं, बरं व्हायचं तर काहीतरी खायला हवं, आणि मिळेल ते खाल्लं की मुक्काम वाढतो. संध्याकाळी जहाज धक्का सोडणार होतं. पुढचे दोन दिवस नुसता समुद्र.

सहल मोठ्या दिरांनी ठरवलेली. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. दादा निवृत्त झाले आणि त्यांनी सगळ्या घराला जहाजावर घातलं. आठ माणसं, जेवणाच्या दालनात रोज तेच गोल टेबल, तोच हेड वेटर. या घराची एक रीत आहे, दादांच्या वडिलांपासूनची. सगळ्यांची ताटं आल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. पाहुणा असो, पोर असो, ताप आलेला असो. दादा त्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत.

पहिल्या रात्री हेड वेटरने बायकोला बाजूला घेऊन सगळं विचारलं होतं. काय चालत नाही, किती चालत नाही, चुकून गेलं तर काय होतं. तिनेही सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तुमचं ताट वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यात होईल. थोडा वेळ लागेल. ताटात जांभळी काडी खोचलेली असेल. काडी नसेल तर ताटाला हात लावू नका."

वेळ लागला. सात ताटं आली, आठवं येईना. माशावरचं लोणी गोठायला लागलं. सात माणसं मांडीवर हात ठेवून बसली. शेजारच्या टेबलवाले गोड खाऊन उठले.

"आपण जेवायला आलोय की प्रार्थनेला?" दादा म्हणाले. सगळे हसले.

जाऊबाई म्हणाल्या, "अहो, पथ्यवालीचं ताट आहे. ते काय असं साधंसुधं येणार? वाजतगाजत येणार!"

घरात बायकोला पथ्यवाली म्हणतात. तोंडावरच म्हणतात, म्हणून ती थट्टा ठरते.

"तुम्ही सुरू करा ना, दादा. खरंच सुरू करा," ती म्हणाली.

"आपल्यात तसं नसतं," दादा म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं. नवरा तेव्हा नॅपकिनची घडी मोडत होता आणि पुन्हा घालत होता.

दुसऱ्या रात्री आठही ताटं एकदम आली. दादांनी "वा!" म्हणून टाळी वाजवली. बायकोच्या ताटात काडी होती, पण हिरवी. तिने नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "रंग बदलला असेल. जेव, गार होतंय." ताट तिचंच दिसत होतं. सॉस नव्हता, पाव नव्हता. ती जेवली. तिसऱ्या रात्रीही हिरवी काडी आली, ताटं वेळेवर आली, जाऊबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "बघ, समुद्राची हवा लागली की पथ्यंही सुतासारखी सरळ होतात." चौथ्या दिवशी दुपारी ती आडवी झाली.

हे सगळं आज सकाळी तिने पलंगावर बसून ओळीने आठवून काढलं. कारण आठच्या सुमाराला जहाजाच्या डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं म्हणून त्यांनी जेवणाच्या दालनात चौकशी केली होती.

"ते म्हणतात तुमचं पथ्य आवडीचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आजार म्हणून नाही. मग मला ही साथच धरावी लागते. माफ करा, पण जहाजावर हजारो माणसं आहेत."

"आवडीचं?" फोन ठेवून तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, पहिल्या दिवशी मी स्वतः सांगितलंय त्याला."

नवरा टीव्ही बघत होता. टीव्हीवर एकच चॅनल लावलेलं होतं, जहाजाच्या नाकावर बसवलेल्या कॅमेऱ्याचं. धक्का, दोरखंड आणि एक क्रेन. केबिनला खिडकी म्हणून तेवढंच.

"गोंधळ झाला असेल त्यांचा," तो म्हणाला. "एवढं मोठं किचन."

ती उठली. दोन पलंगांच्या मधून आडवं चालावं लागतं, तशी भिंत धरत टेलिफोनपाशी गेली. हेड वेटरला बोलावून घ्यायला वेळ लागला. तो फोनवर आला आणि आधी तब्येत विचारली.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "हिरवी काडी म्हणजे काय?"

"हिरवी म्हणजे आवड, मॅडम. तो पदार्थ आम्ही वाढत नाही, पण ओटा तोच, तवा तोच. जांभळी म्हणजे आजार."

"मी तुम्हाला आजार सांगितला होता."

"हो. नंतर साहेब आले होते ना. दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणाले, एवढं कडक काही नाही, थोडंफार चालतं तिला, ताट सगळ्यांबरोबर येऊ द्या. मी दोनदा विचारलं. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय त्यांना."

"दोनदा विचारलंत?"

"हो, मॅडम. आजपासून परत जांभळी करतो. पण तुम्ही केबिनमध्ये असेपर्यंत ताट आमच्याकडून जात नाही. ते दवाखान्याच्या हातात आहे."

तिने रिसीव्हर ठेवला. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. मुळात आवाज नव्हताच.

बाहेर कॉरिडॉरमधून माणसं उतरायला निघाली होती. चपलांचे आवाज, चाकांच्या बॅगांचे आवाज, कुणाचं तरी "टोपी घेतली का?" दारावर बाहेरून लाल पट्टी चिकटवलेली होती. त्या पट्टीसमोर आलं की आवाज जरा खाली जायचे आणि पुढे गेले की पुन्हा चढायचे.

"तुम्ही बदललंत," ती म्हणाली.

"अगं, सात माणसं ताटं समोर घेऊन बसली होती. दादांचा चेहरा बघितलास ना तू?"

"माझा बघितलात का?"

"मला वाटलं, एक-दोन दिवसांचा प्रश्न. तूही म्हणतेस कधी कधी, थोडं गेलं तर निभावतं."

"मी कधी म्हटलंय हे?"

तिने बॅगेतून शेंगदाण्याची पुडी काढली. घरून निघताना ती असल्या चार पुड्या भरत होती, तेव्हा त्याने तीन बाहेर काढल्या होत्या. जहाजावर सगळं मिळतं, लोक काय म्हणतील, म्हणाला होता. उरलेल्या पुडीतले रात्री थोडे खाऊन आता मूठभर दाणे राहिले होते. तिने एकेक चावून खायला सुरुवात केली.

"डॉक्टरांना फोन करा," ती म्हणाली. "सांगा, ही साथ नाही. मी वेटरला खोटं सांगितलं, म्हणून हिला चालत नाही ते गेलं. एवढं सांगितलंत की दारावरची पट्टी निघेल आणि ताट पुन्हा माझ्या ओट्यावरून येईल. तुमचीही सुटका होईल."

"खोटं काय त्यात…"

"बरं, दुसरा शब्द शोधा. पण करा."

फोन वाजला. दादा होते. त्यांचा आवाज रिसीव्हरमधून केबिनभर ऐकू येत होता. "काय रे, काय म्हणतेय पथ्यवाली? समुद्र लागला असणार तिला, दुसरं काय! आम्ही उतरतोय. आणि हे बघ, दवाखान्यातून मला निरोप आला होता, बुकिंग माझ्या नावावर आहे म्हणून. काही असलं तर ते मलाच कळवणार आहेत. काळजी करू नकोस. माझ्या सहलीत कुणाचे हाल नकोत."

"नाही दादा, काही नाही," नवरा म्हणाला. "बरी आहे ती."

फोन ठेवल्यावर त्याचा हात रिसीव्हरवरच राहिला.

"ऐकलंस ना? दादांना कळवणार. त्यांची आयुष्यातली एवढी मोठी सहल. त्यांच्यामुळे तू आजारी पडलीस, असं होईल ते."

"त्यांच्यामुळे नाही. तुमच्यामुळे."

"तेच ते."

"तेच नाही, अहो."

कॉरिडॉर रिकामा झाला. कॅमेऱ्यातल्या धक्क्यावरून छोटी छोटी माणसं चालत गेली. त्यांच्यातली सहा आपली असतील, असं दोघांनाही वाटलं असावं, कारण दोघंही पडद्याकडे बघत होते. मग नवऱ्याने दवाखान्याचा नंबर फिरवला आणि तिच्याकडे पाठ करून बोलला. केबिन एवढी लहान की पाठ करून काही लपत नाही.

"हो, सिस्टर. ते पथ्याचं… आजाराचंच आहे ते. हो. नाही, आम्ही नीट सांगितलं होतं. वेटरकडून काहीतरी गडबड झाली असणार. हो, जेवणाच्या दालनातला हेड वेटर. त्याने चुकीचं ऐकलं असेल."

पलीकडून नर्स काहीतरी म्हणाली. तो दोनदा "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

"झालं," तो वळून म्हणाला. "डॉक्टर त्याला बोलावून विचारतील आणि इकडे फोन करतील. तुझं ताट येईल. दुपारपर्यंत पट्टीही निघेल. आता तरी नीट बस."

ती नीटच बसली होती. शेवटचा दाणा तिच्या मुठीत होता.

"तुम्हाला लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन यायचे," ती म्हणाली. "घरी. जेवताना, चहा पिताना. तुम्ही म्हणायचात, घाबरू नका, माणूस निघालाय. आणि फोन ठेवून उरलेला चहा संपवायचात."

"त्याचं काय आता?"

"मी रोज ऐकायचे. मला वाटायचं, त्यांना धीर द्यायला म्हणता."

"मग कशाला म्हणत होतो?"

"चहा गार होऊ नये म्हणून."

तो हसला नाही. टीव्हीवरच्या क्रेनने एक खोका उचलला आणि हवेत धरून ठेवला.

"त्या माणसाने दोनदा विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "त्याच्या माथी दोष मारून मला हे दार उघडायचं नाही. आता फोन येईल. तो तुम्ही उचलायचा आणि खरं सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर ताट आलं तरी मी खाणार नाही. मला काय माहीत, काडी कुणी खोचलीय."

"अगं, तू उपाशी आहेस कालपासून."

"हो."

"वेडेपणा आहे हा. तूच उचल मग. तूच सांग."

"मी सांगून झालंय. मघाशी डॉक्टर काय म्हणाले, ते मी ऐकलं. माझं काही नोंदलं जात नाही इथे. तुम्ही सांगता ते नोंदलं जातं."

तो उठून बाथरूमच्या दारापर्यंत गेला, तीन पावलांत परत आला. तिच्या समोरच्या पलंगावर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल असा. केबिनमध्ये दुसरीकडे कुठे बसायला जागा नव्हती.

दहाच्या थोडं आधी फोन वाजला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. टेलिफोन दोघांच्या मधल्या छोट्या टेबलावर होता, नवऱ्याच्या हाताशी अधिक जवळ. दुसरी रिंग झाली. तिने दाणा तोंडात टाकला नाही. तिसरी झाली.

चौथी रिंग सुरू झाली तेव्हा नवऱ्याचा हात रिसीव्हरवर होता आणि रिसीव्हर अजून जागेवर होता.