फियाटची टाकी

कुंडलच्या श्रेणिक पाटलांची जुनी फियाट सारखी वाटेत बंद पडायची, कारण टाकीतला गंज पेट्रोलच्या नळीत अडकायचा. शेवटी त्यांच्या बायकोनं, चंदनबालानं, पाना हातात घेतला. पेट्रोल काढून तिनं डिकीतली टाकी सोडवली. आत खडी नि पाणी घालून सुनेसोबत दुपारभर हिंदकळवली आणि तीन दिवस उन्हात वाळवली.

परत बसवताना मात्र एक बोल्ट काही केल्या भोकात जाईना.

"ऱ्हाऊ दे, मिस्त्रीला बोलवू," श्रेणिक म्हणाले.

"आवं, तुमी नुसती उचलून धरा."

बोल्ट बसला. पेट्रोल भरून तिनं सांध्यावरनं बोट फिरवलं, ते कोरडंच होतं. मग तीच स्टिअरिंगवर बसली. सांगली येईपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

"लय झ्याक! आता पाचगणीचा घाट?" श्रेणिकांनी विचारलं.

"व्हय की," म्हणत तिनं गिअर टाकला.