अकरा हजारांची नोंद

शिरूर अनंतपाळच्या पोस्टातले क्लार्क ग्यानोबा सोनकांबळे यांच्याकडे जुनी टपाल तिकिटं अशी फारशी नव्हती. त्यांच्याकडे तिकिटांच्या किमती होत्या. निजामाच्या राज्यातलं कुठलं तिकीट कोणत्या साली, कोणत्या लिलावात, केवढ्याला गेलं, हे ते बारा वर्षांपासून एका जाड रजिस्टरात लिहीत आले होते. तिकिटं विकत घेण्याइतका पगार नव्हता. किंमत लिहून ठेवायला मात्र शाईशिवाय काही लागत नाही. मुंबईच्या, हैद्राबादच्या लिलाववाल्यांना पोस्टकार्ड टाकून जुन्या याद्या मागवायच्या, कुणाकडे एखादी यादी आहे असं कळलं की रविवारी एसटीनं जाऊन ती उतरवून आणायची, असा त्यांचा छंद. पोस्टातले लोक हसायचे. गावाला तर याचा पत्ताच नव्हता.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कामाला उस्मानाबादला जायचं बंद झालं होतं आणि लातुरात रोज नवी पाटी लागत होती. पाऊस मात्र लागोपाठ दोन वर्षं हुकला होता. गावात टँकर दिवसाआड यायचा. लग्नं पुढं ढकलली गेली, त्यामुळं पत्रावळ्या लावून पोट भरणाऱ्या नागाबाईचा धंदा बसला होता. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ती आणि लेक धुरपता, दोघीच.

जून सुरू झाला आणि नागाबाई एक दिवस पोस्टाच्या खिडकीशी आली. पदराच्या गाठीतून तिनं कागदात गुंडाळलेलं एक तिकीट काढलं.

"मास्तर, जरा बगा. माझा सासरा निजामाच्या तहसिलीत चपराशी व्हता. त्याच्या पेटीत घावलं. उदगीरचा अमृतराव बाजाराला येतो न्हवं जुनी भांडी घ्यायला, त्यो म्हनला नऊशे देतो. एवढ्याशा कागदाला नऊशे? मला भ्याव वाटलं. कायतरी खोट असंल म्हून तुमच्याकडं आले."

ग्यानोबांनी चष्मा वर केला. तिकिटावर सरकारी कामासाठीचा छाप होता आणि तो उलटा पडला होता. असं तिकीट त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं.

"घरी या संध्याकाळी," ते म्हणाले. "रजिस्टर बगून सांगतो."

नागाबाई लेकीला घेऊन भीमनगरात त्यांच्या घरी आली. गावातल्या त्या बाजूला ती आधी कधी आली नव्हती. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, मग आत येऊन बसली आणि ग्यानोबांची बायको पंचशीला हिनं दिलेला चहा प्यायली. ग्यानोबांना ते फार बरं वाटलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट ओळींवरून खाली नेलं आणि एका ओळीशी थांबवलं. उलट्या छापाचं हेच तिकीट. मुंबईचा लिलाव, सात वर्षांपूर्वीचा. किंमत अकरा हजार.

त्यांनी दोनदा वाचलं. अक्षर त्यांचंच होतं.

"अकरा हजार," ते म्हणाले.

नागाबाईनं तिकीट पुन्हा कागदात गुंडाळलं. धुरपता मात्र पुढं सरकली. ती अठरा वर्षांची होती, दहावी पास. लातूरला नव्यानं निघालेल्या एका खाजगी नर्सिंग केंद्रात तिचं नाव यादीत लागलं होतं. अनामत, खानावळीचे आगाऊ पैसे आणि कपडे मिळून हजार रुपये जुलैच्या चौदा तारखेच्या आत भरायचे होते.

"मग अमृतराव आमाला फशिवत व्हता?" तिनं विचारलं.

"दुसरं काय," ग्यानोबा म्हणाले.

पुढच्या बाजारी अमृतराव पितळी भांड्यांचा ढीग मांडून बसला होता. ग्यानोबा नागाबाईला बरोबर घेऊन गेले आणि चार माणसांसमोर म्हणाले, "अमृतराव, अकरा हजाराचा माल नऊशेला मागता? बाईमाणूस बगून?"

अमृतरावानं मान वर केली. "कुनी सांगितलं अकरा हजार?"

"माझ्याकडं नोंद हाय. मुंबईच्या लिलावाची."

"नोंद असंल तुमची. मी बाराशे देतो, सोनकांबळे साहेब. आज, रोख. शेवटचं."

नऊशेचे एकदम बाराशे झाले, इथंच ग्यानोबांची खात्री पटली. चोरी उघडी पडली की भाव चढतो, असं त्यांना वाटलं. त्यांनी नागाबाईकडं पाहिलं. तिनं हात मागं घेतला होता. बाराशे रुपये तिनं आयुष्यात एकरकमी पाहिले नव्हते, तरी तिनं नकाराची मान हलवली आणि ती ग्यानोबांच्या मागं चालू लागली. गर्दीतला कुणी तरी म्हणाला, "मास्तरनं बरा धरला." ते शब्द ग्यानोबांनी घरापर्यंत नेले.

त्याच आठवड्यात त्यांनी तिकीट विमा उतरवून रजिस्टर्ड पोस्टानं मुंबईच्या एका लिलाववाल्याकडं पाठवलं. सोबत पत्र लिहिलं की माल गरीब घरचा आहे, मुलीच्या शिक्षणाची निकड आहे, तरी विक्रीपोटी हजार रुपये आगाऊ मनिऑर्डरनं धाडावेत. अकरा हजारांच्या मालावर हजार म्हणजे काहीच नाही, असा त्यांचा हिशेब.

जून गेला. पाऊस आला नाही. धुरपता रोज पोस्टात येऊन उभी राहायची. "आलं का काय?" एवढंच विचारायची. ग्यानोबा म्हणायचे, "येतंय. मोठ्या ठिकानचं काम हाय, येळ लागतो."

पत्र बारा जुलैला आलं, शनिवारी सकाळी. थैली फोडताना ग्यानोबांना मुंबईचा लिफाफा दिसला आणि तो त्यांनी तिथंच उघडला. पत्र टाइप केलेलं होतं, आठ-दहा ओळींचं. तिकीट अस्सल आहे. पण सुटं आहे आणि मागच्या बाजूनं एके ठिकाणी कागद झिजला आहे. अपेक्षित किंमत सातशे ते आठशे. पुढचा लिलाव नोव्हेंबरात. आगाऊ रक्कम देण्याची पद्धत नाही. कळवावे, अन्यथा तिकीट परत पाठवू.

त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. थोड्या वेळानं धुरपता आली.

"आलं का काय?"

"न्हाई अजून," ग्यानोबा म्हणाले.

दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा त्यांनी पत्र पंचशीलाच्या हातात दिलं. तिनं सावकाश वाचलं. ती सातवीपर्यंत शिकली होती.

"सोमवार शेवटचा दिवस ना त्या पोरीचा?" ती म्हणाली.

"हाव. पर हे चूक हाय. हे लोक मुद्दाम कमी सांगतात. सात वर्षांमागं अकरा हजार आन आता सातशे? नांदेडला गुरुपादप्पांकडं ती यादी हाय. त्यांच्याकडूनच उतरवली व्हती मी. उद्या जातो, यादी बगतो आन यांना पुराव्यासकट लिहितो."

"आपल्या पासबुकात सातशे चाळीस हायेत," पंचशीला म्हणाली. "माझी फुलं हायेत कानातली. तुमची खिडकी अजून दोन तास उघडी हाय. पैसे काढा, फुलं मोडा आन आत्ता नेऊन द्या तिला. नांदेडला मग जावा, काय बगायचं ते बगा."

"माझं लिहिलेलं खोटं न्हाई."

"मी कुटं खोटं म्हनले? पोरीचं आदी करा म्हनले."

ग्यानोबा जेवून उठले आणि पोस्टात गेले. दोन तास खिडकी उघडी होती. त्यांनी पैसे काढले नाहीत.

रविवारी सकाळच्या गाडीनं ते निघाले. खिडकीतून दिसणारी शिवारं काळी, कोरडी पडली होती, कुठं कुठं पेरलेलं उगवून करपलं होतं. नांदेडला वजिराबादेत गुरुपादप्पांच्या दाराला कुलूप होतं. गुरुपादप्पा म्हणजे निवृत्त हेडमास्तर, तिकिटांचे जुने नादी. शेजारणीनं सांगितलं, देगलूरला लेकीकडं गेलेत, उद्या सकाळी येतील. परतीची गाडी अर्ध्या तासात होती. ग्यानोबा स्टँडवर गेले, गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि पुन्हा खाली उतरले. रात्र त्यांनी स्टँडच्या बाकावर काढली.

सोमवारी दहाला गुरुपादप्पा आले. त्यांनी कपाटातून जुन्या याद्यांचा गठ्ठा काढला, तारीख पाहून एक वही वेगळी केली आणि ग्यानोबांसमोर ठेवली. ग्यानोबांनी पान उलटलं. उलट्या छापाचं तिकीट होतं. अकरा हजार होते. त्या दोहोंच्या मधे आणखी एक ओळ होती, ती त्यांच्या रजिस्टरात नव्हती. चार तिकिटांचा न फाडलेला चौकोन, मूळ लिफाफ्यावर.

"चारीचं मिळून, आन लिफाफ्यासकट," गुरुपादप्पा म्हणाले. "असा चौकोन मला तरी दुसरा म्हाईत न्हाई. सुट्याची गोष्ट अलग. सुटं सात-आठशे. कामून, काय झालं?"

ग्यानोबांना तो दिवस आठवला. याच खोलीत, याच चटईवर बसून त्यांनी ही यादी उतरवली होती. शेवटची एसटी सुटायला वीस मिनिटं होती. पानं बरीच राहिली होती म्हणून ते फक्त नाव आणि आकडा लिहीत सुटले होते.

"त्या दिवशी घाईत होतो," ते म्हणाले.

"होतं असं," गुरुपादप्पा म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. ग्यानोबा चहासाठी थांबले नाहीत.

शिरूरला पोचायला संध्याकाळचे सहा झाले. नागाबाईच्या दारात धुरपता बसली होती. शेजारी पत्र्याची पेटी होती, नवी, कुलूप लावलेली. ग्यानोबा उभ्यानंच बोलले. पत्राचं सांगितलं, चौकोनाचं सांगितलं, आपण एक ओळ गाळली होती ते सांगितलं. नागाबाईला सगळं समजलं नाही. एवढं समजलं की अकरा हजार नाहीत.

धुरपतानं विचारलं, "पत्र कदी आलं?"

आजच आलं, म्हणता आलं असतं. ग्यानोबांच्या तोंडाशी तेच आलं होतं.

"शनिवारी," ते म्हणाले.

"शनिवारी मी आले व्हते."

"हाव."

"तुमी न्हाई म्हनलाव."

धुरपता उठली, पेटी उचलून आत घेऊन गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

मंगळवारी पोस्ट उघडताच ग्यानोबांनी सातशे चाळीस काढले. पंचशीलाची फुलं सोनारानं ठेवून घेतली. मायलेकींना घेऊन ते लातूरला गेले. केंद्रातल्या बाईंनी रजिस्टर पाहिलं. "काल पाचपर्यंत वाट पाहिली हो. यादीतल्या पुढच्या मुलीचा बाप इथंच बसून होता, तिला जागा दिली. पुढच्या वर्षी अर्ज करा." त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता, कीवही नव्हती. परतीच्या गाडीत ग्यानोबांनी पैसे नागाबाईसमोर धरले. तिनं ते घेतले नाहीत. "फुलं सोडवा बाईची," एवढंच म्हणाली.

त्या आठवड्यापासून धुरपता रोजगार हमीच्या कामावर जायला लागली. तलावाचा गाळ काढणं चालू होतं. ती पाट्या वाहायची.

मुंबईहून तिकीट परत आलं, तेव्हा ग्यानोबा ते घेऊन बाजारात अमृतरावापुढं जाऊन उभे राहिले. त्या दिवशीची चार माणसं आसपास असावीत असं त्यांना वाटत होतं, पण बाजार उठत आला होता आणि ऐकायला कुणी नव्हतं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुमी फशिवत नव्हताव."

अमृतराव भांडी पोत्यात भरत होता. "नव्हतो. हैद्राबादचं एक गिऱ्हाईक व्हतं, पंधराशे द्यायला तयार. त्याला तेवढंच एक कमी पडत व्हतं. मी बाराशे म्हनलो ते तेच्या जिवावर. आता त्याला दुसरीकडून भेटलं."

"आता काय द्याल?"

"सातशे. त्येबी नेऊन ठिवून घ्यावं लागंल मला." त्यानं पोत्याचं तोंड बांधलं. "साहेब, तुमी मला चोर म्हनला ते सोडा. तुमची नोंद मला आदी दाखवली असती तर मी सांगितलं असतं. मीबी चाळीस वर्षं हेच करून राहिलो."

सातशे नागाबाईनं घेतले आणि त्यातल्या एका पैशालाही हात न लावता पुढच्या जूनपर्यंत ठेवले. ते वर्ष तिनं कसं काढलं ते तिलाच ठाऊक. दिवाळीत पंचशीला एकदा ज्वारीची पायली घेऊन गेली. ती नागाबाईनं ठेवून घेतली. धुरपता घरातच होती, पण बोलली नाही.

पुढच्या साली अर्ज भरायचा झाला तेव्हा नागाबाई म्हणाली, मास्तरकडून भरून आन. धुरपता एकटी लातूरला गेली आणि तिथंच एका मुलीकडून समजून घेऊन तिनं अर्ज भरला. पहिल्या यादीत नाव आलं नाही. ऑगस्टमध्ये, एक मुलगी सोडून गेली म्हणून, तिला बोलावणं आलं. सातशेत गाळाच्या मजुरीचे साठवलेले मिळवून पैसे पुरले.

ती निघाली त्या सकाळी ग्यानोबा स्टँडवर गेले. कुणी बोलावलं नव्हतं. धुरपतानं पेटी स्वतः टपावर चढवली, खिडकीशी बसली आणि गाडी हलेपर्यंत समोर पाहत राहिली. त्यांच्याकडं तिनं एकदाही मान वळवली नाही. गाडी गेली. नागाबाई पदरानं तोंड पुसत उभी होती.

"ती न्हाई बोलायची तुमच्याशी," ती म्हणाली. "लई दिस न्हाई बोलायची."

"म्हाईत हाय मला."

"मी बोलते. पर ते दोन दिस मीबी इसरले न्हाई, मास्तर."

ग्यानोबांनी मान हलवली. ऊन चढलं होतं. ती पुढं चालू लागली आणि ते चार पावलं मागं ठेवून तिच्यामागं गावाकडं निघाले.