संदेशच्या पुस्तकासाठी

सकाळी साडेसहा वाजता बारामतीतील माझ्या खोलीत ऊन येते. ते घाईने आत शिरत नाही. समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीमागे ते थोडा वेळ रेंगाळते, मग खिडकीच्या गजांवर उतरते आणि गजांच्या चार सावल्या भिंतीला तिरप्या टेकवून ठेवते. भिंतीवर चुन्याचा पोपडा आला आहे; तेथे पोहोचताच ते पाणी घातलेल्या दुधासारखे फिकट होते. तेथून दोरीवरच्या ओल्या टॉवेलवर, टॉवेलच्या टोकाशी लोंबणाऱ्या थेंबावर. शेवटी ते टेबलावर येते आणि चहाची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखे निवांत बसून राहते. त्या रविवारी ते माझ्या वहीवर बसले होते. त्याला उठवताना मला उगाच अपराधी वाटले.

वही पिशवीत घालून मी इंदापूरची एसटी पकडली. काटेवाडी मागे पडली, दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला आणि मन थोडे हलके झाले.

सणसरजवळ आमच्या मंडळीचे पत्र्याचे छोटे चर्च आहे. प्रभूने आपल्यासाठी काय केले, हे उपासनेत उभे राहून सांगण्याची आमच्याकडे रीत आहे. तिला साक्ष म्हणतात. कंडक्टरला थांबा सांगतानाही मला घाम फुटतो. तरीही दोन वर्षांपूर्वी मी कसा कोण जाणे उभा राहिलो आणि म्हणालो, की कालव्याच्या कडेने पायी फिरून सुवार्ता सांगणाऱ्या माझ्या पणजोबांवर पुस्तक लिहिण्यास प्रभूने मला बोलावले आहे. चर्चचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी ते लगेच प्रार्थनेच्या विनंत्यांच्या यादीत घातले. आप्पांचा गुडघा, दीपकचा पॉलिटेक्निकचा प्रवेश, संदेशचे पुस्तक. गुडघ्याला पाच महिने लागले. दीपक आता दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्यासाठी मात्र तीस माणसे दर रविवारी अजून डोळे मिटतात.

त्या दिवशी मी लवकर पोहोचलो. पाळकसाहेब यादी करत होते.

"संदेश, आज तुमचं पुस्तक विनंत्यांतून काढून उपकारस्तुतीत घालू ना? झालंच असेल आता."

"जवळजवळ," मी म्हणालो.

"जवळजवळ मंजी किती?" मागच्या बाकावरून आप्पा म्हणाले. "माजा गुडगा बी जवळजवळच बरा हाय. पर मी चालतोय तरी!"

पाळकसाहेब हसले आणि घंटेच्या दोराकडे गेले. "उपासनेआधी नक्की सांगा."

मला हसू आले नाही. उपकारस्तुतीत घालणे म्हणजे ते काम पूर्ण झाले, असे साऱ्या मंडळीने देवाला सांगणे. माझ्या वतीने तीस भली माणसे देवासमोर खोटे बोलणार होती.

पहिल्या बाकावर प्रयागबाई मांडीवर पाट ठेवून लिहीत होत्या. वय सत्तरीपुढचे. नातीच्या पाटीवर त्या अक्षरे शिकल्या आणि आता अख्खे बायबल हाताने उतरवून काढत आहेत. अकरा वह्या भरल्या आहेत.

"सलाम, आजी," मी आमच्या मंडळीच्या रीतीने म्हणालो.

"सलाम, बाबा. बगू तुजी वही." त्यांनी पाने उलटली. "अक्षर लई देखणं हाय. कुटं खोडाखोड न्हाय."

"फेअर केलं आहे. ही सहावी प्रत."

"मंजी बघून लिवलं. कशातनं?"

"आधीच्या वहीतून."

"आन् त्या वहीत?"

"त्याच्या आधीच्या."

"मग आपलं सारकंच की!" प्रयागबाई खूश झाल्या. "मी बी बघूनच लिवते. पर मी यिर्मयाच्या पुस्तकापतुर आले. तू कुटवर आलास?"

"पणजोबा पहिल्या गावाच्या वेशीवर पोहोचले आहेत."

"दोन वर्सं?" त्यांनी हात कपाळाला लावला. "आरं, दोन वर्सं म्हाताऱ्याला येशीवर हुबा केलास? बस तरी म्हनायचं हुतंस!"

आप्पा खोकल्यासारखे हसले. मी विचारले, "आजी, तुम्हांला कंटाळा येत नाही?"

"येतो की. गणनाचं पुस्तक लिवताना लई आला. नुसती नावावर नावं. मंग देवाला म्हनलं, आज चारच वळी. चार झाल्या की उटायचं, भाकरी टाकायची. उद्या फुडच्या चार. चुकतंय लई. पर कोन बगतंय अक्षराकडं?"

त्यांच्या वहीत डोकावलो. ओळी उतरणीला लागलेल्या, काने विसरलेले, एका पानावर तेलाचा बोटभर ठसा. पण कोणतीही ओळ कालची नव्हती. माझ्या वहीतले वेलांटीचे प्रत्येक वळण मला पाठ होते. दर चार महिन्यांनी नवी वही आणायची, समास आखायचा, साक्ष देण्याआधीच लिहिलेले तेच पहिले प्रकरण सुबक उतरवायचे आणि शेवटच्या ओळीशी येऊन थांबायचे. याला मी साधना म्हणत आलो होतो. प्रार्थनाही मी तशीच करत होतो, त्याच त्या सुंदर शब्दांत.

घंटा झाली. बाक भरले. पाळकसाहेबांनी पेन यादीवर टेकवले आणि सर्वांसमक्ष विचारले, "बोला संदेश. विनंती, की उपकारस्तुती?"

घाम फुटला. मी उभा राहिलो.

"विनंतीच राहू द्या, साहेब."

"का बरं? काय राहिलं आहे?"

तीस चेहरे माझ्याकडे वळले.

"दोन वर्षांत मी एकही नवी ओळ लिहिलेली नाही."