कारणाचा रकाना

“घेणार की नाही, एवढं एकदा सांगून टाका बाई. नाही म्हणत असाल तर हा नकाराचा फॉर्म भरा, कारण लिहा, सही ठोका. मागे लाइन खोळंबलीय.”

लसीच्या टेबलामागची सिस्टर नवी होती आणि सकाळपासून शंभरेक दंड टोचून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. रुग्णालयाच्या टेलिफोन ऑपरेटरबाई फॉर्मकडे बघत उभ्या होत्या.

हिवाळ्याच्या तोंडावर रुग्णालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस फुकट मिळे. दर वर्षी बाई या टेबलापाशी येत, नकाराचा फॉर्म मागून घेत, कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’ असं लिहीत आणि तळघरातल्या आपल्या टेलिफोन बोर्डाकडे परत जात. गेली दहा वर्षं यात खंड पडला नव्हता. लोकांना वाटे, बाई सुईला घाबरतात. “आवाज बसेल म्हणून घेत नाहीत,” अशी थट्टाही चाले. बाई हसून सोडून देत. खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतंच.

अकरा वर्षांपूर्वी त्यांना फ्लू झाला होता. चांगला सणसणीत. फोनवर त्यांचा खोकला ऐकून मोठा भाऊ दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाहून थेट दारात येऊन उभा राहिला होता.

“ठमे, हा काय अवतार करून घेतलायस!”

जन्मात कधी गॅस न पेटवलेल्या त्या माणसानं नऊ दिवस स्वयंपाकघराचा ताबा घेतला. सूप खारट ढोण, भात करपलेला. थर्मामीटर उलटा धरून “यात तर तू कालच गेलीस” असं गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. बाईंचं लग्न झालं नव्हतं, आई-वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. कुणीतरी उशाशी बसून आपली काळजी करतंय, हे सुख त्यांनी त्या नऊ दिवसांत पोटभर भोगलं. निघताना भाऊ म्हणाला, “पुन्हा आजारी पडलीस की कळव. मी आहेच.”

तेव्हापासून बाई लस घेईनात. आजारी पडायची हौस कुणाला असते? पण ते एक दार आपल्या हातानं लावून घ्यायला त्यांचं मन धजेना.

आणि गेल्या हिवाळ्यात फ्लू आला. अंगात ताप फणफणत असताना बाईंनी दुसऱ्या खाटेवर धुतलेली चादर घातली, उशीला नवा अभ्रा चढवला. मग भावाला फोन लावला.

“दादा, मी बोलतेय.”

“कोण मी?”

“अरे, मी. ठमी.”

परक्या माणसाशी बोलावं तसा भाऊ अदबीनं म्हणाला, “घरात कुणी नाहीये हो आत्ता. तुम्ही संध्याकाळी करता का फोन?”

वहिनीनं रिसीव्हर घेतला. “वन्सं, सांगणारच होते तुम्हाला. हल्ली विसरतात हो. परवा मुलालाच विचारलं, आपण कोण म्हणून. तुम्ही बऱ्या आहात ना?”

“मी मजेत,” बाई म्हणाल्या, आणि फोनवर हात दाबून धरून खोकल्या.

सात दिवस त्यांनी एकटीनं काढले. पाणी प्यायला भिंत धरून नळापर्यंत जायचं, तिथेच स्टुलावर थोडं टेकायचं आणि परत यायचं. फोन एकदाच वाजला. ऑफिसातून होता: रजेचा अर्ज कधी देताय?

“बाई, फॉर्म देऊ ना?” सिस्टरनं पेन पुढे केलं.

“नको. टोचा.”

सिस्टरनं चमकून मान वर केली. “अगं बाई! ‘नमस्कार, कुणाकडे जोडून देऊ?’ त्या तुम्ही होय? रोज बोलतो की आपण! मला वाटायचं, कुणी पंचविशीतली मुलगी असेल.”

बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन शब्दांवरून कुणी ओळखेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

“कशाची ॲलर्जी? नाही. आज ताप? नाही. बरं, काही झालंच तर कळवायचं कुणाला? नंबर सांगा.”

भावाचा नंबर जिभेवर आला होता. बाईंनी तो गिळला आणि दुसरा सांगितला. सिस्टर लिहिता लिहिता हसू लागली. “अहो, हा तर आपल्याच बोर्डाचा! इथे लावला तर उचलणार कोण, तुम्हीच ना?”

“हो,” बाई म्हणाल्या. “मी उचलते.”

सिस्टरचं हसू अर्ध्यावरच राहिलं. उरलेले आकडे तिनं निमूटपणे लिहिले. कापूस फिरवला, सुई टोचली. बाईंना कळलंसुद्धा नाही.

“पंधरा मिनिटं बसा समोर. हात दुखेल एक-दोन दिवस. आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचं हं. ही एकदा घेऊन भागत नाही.”

“येईन,” बाई म्हणाल्या.

भिंतीशी खुर्च्या मांडल्या होत्या. दोघी आया एकमेकींचे दंड चोळत खिदळत होत्या. पाच मिनिटांतच त्या उठून गेल्या. बाई घड्याळाकडे बघत पुरती पंधरा मिनिटं बसल्या.

संध्याकाळी घरी येईस्तोवर डावा दंड जड झाला होता. चपला काढून त्या खिडकीशी बसल्या. उजवा तळवा बाहीच्या आत सरकवून त्यांनी दुखऱ्या जागेवर ठेवला. जागा थोडी सुजली होती, गरम लागत होती. उठून दिवा लावायला हवा होता, चहाचं आधण ठेवायला हवं होतं.

“बसा जरा,” त्या स्वतःलाच मोठ्यानं म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवून अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.