तिकडे म्हणजे कुठे?

कृष्णकांत टिपणीसांची उमेदीची सगळी वर्षं रेडिओवर क्रिकेटचं मराठी धावतं वर्णन करण्यात गेली. चेंडू किती वळला, वारा कुठून सुटलाय, हे त्यांच्या तोंडून ऐकताना माणसं हातातला चहा विसरायची. पुढे बोलावणी थांबली. नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे कडेकडेने खात आणले. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोखेरीज हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशात जासईचा जगन घरत दारात उभा राहिला.

"सर, आमच्या गावची टुर्नामेंट हाय. कॉमेंट्री तुमीच कराची. माजा बापूस मिठागरान रेडिओ घेऊन जायचा, तुमचा आवाज आयकाला."

डोळ्यांचं सांगून टाकावं, असं टिपणिसांना वाटलं. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी माइक देऊ करत होतं.

"येतो," ते म्हणाले.

जगन गेल्यावर वसुंधराबाई उसळल्या. "अहो, दिसणार काय तुम्हाला?"

"तू शेजारी बसून हळूच सांग. बाकीचं मी सांभाळतो."

सामन्याच्या दिवशी मैदानावर वसुंधराबाई त्यांच्या कानाशी लागून बसल्या आणि सुरुवात झकास झाली. खाडीवरून येणारा वारा, खेळपट्टीवरची धूळ, गोलंदाजाची चाल... आवाजात जुनं वजन आलं. मांडवातली बडबड थांबली. टिपणीस ताठ बसले. मग बॅटचा खणखणीत आवाज झाला.

"मारला," वसुंधराबाई कुजबुजल्या.

"कुठे?"

"तिकडे."

"तिकडे म्हणजे कुठे, वसू?"

माइक चालू होता. सगळं मैदान हसलं. टिपणिसांनी माइक तोंडाशी ओढला. तेवढ्यात एकच आरडाओरडा झाला आणि ते ओरडले, "चेंडू सीमारेषेपार! षटकार!"

सीमारेषेवर झेल पकडला गेला होता. फलंदाज मान खाली घालून परत येत होता.

"म्हातारा आंधला हाय काय रं?" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या सुरू झाल्या.

जगन त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. "सर, तुमाला दिसत नाय?"

"नाही."

"आदी सांगाचा ना, सर." त्याने अलगद माइक काढून घेतला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून टिपणिसांना ते जास्तच लागलं. घाईघाईने शाल-श्रीफळ उरकलं. त्यांच्या खुर्चीत दुसरा कुणी बसला आणि गाण्याच्या ठेक्यावर किंचाळू लागला. माणसं खूश झाली.

परतताना जगनची गाडी कंटेनरच्या रांगेत अडकली.

"मी शिकून घेते सगळं," वसुंधराबाई म्हणाल्या. "कव्हर, मिडविकेट, काय ते. पुढच्या वेळी..."

"पुढची वेळ नाही."

वसुंधराबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांचं मन रमावं म्हणून त्या सांगू लागल्या, "डावीकडे पाण्यात बगळे उतरलेत. पांढरेशुभ्र. एक अगदी रस्त्याला लागून..."

"नको, वसू. नको सांगूस."

टिपणीस काचेकडे तोंड करून बसून राहिले.