कव्हरावरचं थोबाड

आमच्या बारांकिया शहरात रेकॉर्ड कुणाचीही असो, कव्हरावर बाईच. पोहण्याच्या कपड्यांतली, ओल्या केसांची, आणि हातातलं अकॉर्डियन असं धरलेली, जणू शेजारणीनं पोर सांभाळायला दिलंय. ही कव्हरं मी करायचे. रेकॉर्ड कंपनीतली कात्री, डिंक आणि अक्कल ह्या तिन्ही वस्तू माझ्याच टेबलावर असत.

अकॉर्डियन वाजवणाऱ्या तेओफिलो मास्तरांच्या सात रेकॉर्डी निघाल्या, सात बायका झळकल्या. नदीकाठच्या गावांत मास्तरांची गाणी तोंडपाठ, पण मास्तर कसे दिसतात हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या मावसभावानं, निकानोरनं, ह्यात आपली पोळी भाजून घेतली. तोही तसाच बुटका, तसंच भज्यासारखं नाक. "मीच तेओफिलो," म्हणत तो जत्राजत्रांतून वाजवायचा, फुकटची रम ढोसायचा. वाजवायचा मात्र असा की गाढवानं दावं तोडून पळावं.

एकाहत्तर साली मास्तर मालकांपुढे येऊन उभे राहिले. "यंदा माझं थोबाड छापा. नाहीतर रेकॉर्ड नाही."

"मास्तर, त्या थोबाडावर माशी बसायला कां-कू करते. गिऱ्हाईक कुठून येणार?"

"एल सेइबाल गावच्या जत्रेतून मला हाकललं हो. म्हणाले, तेओफिलोची नक्कल करतोस, लाज नाही वाटत?" अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाचा आवाज फुटला.

मला राहवेना. म्हटलं, "मालक, छापा. नाहीतर पुढच्या कव्हराला पोहण्याचे कपडे तुम्हालाच घालीन." मालकांना स्वतःची ढेरी आठवली असावी. ते हो म्हणाले.

फोटो झकास आला. एकच खोट होती. मास्तर कव्हराबाहेर बघत होते, आणि आमच्या धंद्यात चेहरा नेहमी नावाकडे वळलेला हवा. मग मी निगेटिव्ह उलटी लावली, डावं ते उजवं झालं. बायकांचे फोटो मी डोळे मिटून उलटे करायचे. त्या कव्हरांवर अकॉर्डियनकडे बघतंय कोण! तीन हजार कव्हरं छापून झाली.

पुढच्या जत्रेला माझी करामत बघायला मी मास्तरांबरोबर एल सेइबालला गेले. निकानोर आधीच मांडवात बसून तळलेला मासा हाणत होता. मास्तरांनी रेकॉर्ड गावच्या पाद्रीबाबांच्या हातात दिली. "आता ह्यावरनंच काय ते ठरवा, बाबा."

पाद्रीबाबांनी कव्हर पाहिलं, दोघांची तोंडं पाहिली, पुन्हा कव्हर पाहिलं. तेवढ्यात गावचा खोगीर शिवणारा मास्तरांकडे बोट दाखवत पुढे झाला.

"बाबा, चित्रात सुरांची बटणं डाव्या हाताखाली आहेत. हा तर गेल्या जत्रेत उजव्यानं वाजवत होता!"

निकानोर लबाड खरा. त्यानं मासा टाकला, अकॉर्डियन खालचं वर केलं, गळ्यात अडकवलं आणि डाव्या हातानं वाट्टेल ती बटणं दाबत सुटला. तो आवाज मला अजून आठवतो. हाच खरा तेओफिलो म्हणत गावानं टोप्या उडवल्या.

"चूक माझी आहे!" मी ओरडले. "मी फोटो उलटा छापलाय!"

"काहीतरीच काय, बाई," पाद्रीबाबा म्हणाले. "एवढी मोठी कंपनी, फोटो उलटा छापेल होय?" मग त्यांनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. "वाजवतोस छान रे. मग दुसऱ्याच्या नावावर का जगतोस?"

परतीच्या बोटीत मास्तर वाटभर ते कव्हर न्याहाळत बसले.

पुढचे सात महिने मी मालकांच्या मागे लागले, कव्हर बदला म्हणून. ते म्हणायचे, खपतंय ना, मग गप्प बस. एक दिवस दुपारी मास्तरच ऑफिसात आले. मी शिव्या खायच्या तयारीनं उठले.

"बस. ऐक," ते म्हणाले. त्यांनी अकॉर्डियन खालचं वर करून गळ्यात घातलं आणि डाव्या हातानं आपलंच गाणं वाजवायला घेतलं. जे गाणं ते झोपेत वाजवत, त्याच्या दुसऱ्याच ओळीला बोटं अडकली. ते थांबले, घाम पुसला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मला रडूच कोसळलं.

"रडतेस काय, पोरी?" मास्तर बोटांकडे बघतच म्हणाले. "कव्हरं तीन हजार आहेत, मी एकटा. मग बदलायचं कुणी? जत्रेला अजून पाच महिने आहेत."